पन्हाळ्याच्या चढणीचा एक तुकडा द्या

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
यांस,

पावसाळा लागला की कोल्हापूरकर रोज सकाळी एक आकडा बघतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. फुटाखालचे इंचसुद्धा आपण मोजतो आणि त्या इंचांवर गावे हलवतो, जनावरे बाहेर काढतो, शिरोलीजवळचा महामार्ग बंद करतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला ही शिस्त लावली. पण त्याच पावसाचे जे पाणी नदीला न जाता डोंगरात मुरते, मातीच्या पोटात साठते आणि एखाद्या पहाटे रस्त्यासकट उतार खाली ओढून नेते, त्याचा आकडा या जिल्ह्यात कोणी रोज सांगत नाही. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडावरच्या वस्तीची गाडीवाट तुटली. जोतिबा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या सगळ्या पट्ट्यात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे दरड येते, भेग पडते, रस्त्याची कड सुटते. त्यावर आपले उत्तर ठरलेले आहे: ढिगारा उपसायचा, दगडी किंवा काँक्रीटची संरक्षक भिंत उभारायची, वरून डांबर ओतायचे. हे पत्र त्या भिंतीच्या मागच्या मातीबद्दल आहे. मागणी एकच आहे. पन्हाळ्याच्या चढणीवर, गडाच्या संरक्षित हद्दीबाहेर, एक लहानसा तुकडा जिवाणू आणि वीज यांच्या साहाय्याने माती घट्ट करण्याच्या चाचणीसाठी द्यावा, आणि ती चाचणी किमान दोन पावसाळे उघडपणे मोजली जावी.

पन्हाळ्याचा डोंगर कशाचा बनलेला आहे ते आधी पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. माथ्यावर जांभा आहे. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधले विरघळणारे घटक धुऊन नेल्यावर उरलेली लोह-ॲल्युमिनियमची तांबडी, छिद्राळ शिळा. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि वाऱ्याला ठेवला की कडक होतो. त्याच्या भोकांमधून पाणी सहज खाली जाते. खाली मात्र अर्धवट कुजलेल्या खडकाची मऊ, ओली असताना साबणासारखी निसटणारी चिकणमाती असते आणि तिच्याखाली बेसाल्टचे थर. वरून आलेले पाणी या चिकणमातीपाशी अडते. तिच्यातून ते झिरपते, पण इतके हळू की वरून येणाऱ्या पाण्याचा आणि निघून जाणाऱ्या पाण्याचा मेळ बसत नाही. मग मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर टेकायचे सुटतात, आणि उन्हाळ्यात कुदळीला दाद न देणारी माती आषाढात स्वतःचे वजन पेलू शकत नाही. संरक्षक भिंत या गोष्टीला बाहेरून टेकू देते. भिंतीतली पाणी जाण्याची भोके बुजली, किंवा ती मुळात ठेवलीच नाहीत, तर तीच भिंत धरणासारखी मागे पाणी साठवते. आपल्या घाटांतून बाहेरच्या अंगाला कलंडलेल्या भिंती दिसतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा हेच पाणी असते.

आता जिवाणूंकडे वळू. शेतात युरिया टाकल्यावर दोन दिवसांनी नाकाला झोंबणारा वास येतो, गोठ्यातही तोच वास असतो. तो अमोनियाचा. मातीतले असंख्य जिवाणू युरियेज नावाचे विकर तयार करतात आणि युरिया फोडतात. फुटलेल्या युरियातून एकीकडे अमोनियम आणि दुसरीकडे कार्बोनेट मिळते. त्या ठिकाणी पाण्यात कॅल्शियम विरघळलेले असेल तर कार्बोनेट त्याच्याशी जुळून कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीचे, बारीक स्फटिक बनतात. हे स्फटिक कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे सांध्यासारखे बसतात. मोकळी वाळू अशा रीतीने काही दिवसांत वालुकाश्मासारखी होते. तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकला की ती फसफसते, आणि ती फसफस हीच चुनखडी बसल्याची खूण. या कामासाठी जगभर बहुतेक वेळा स्पोरोसार्सिना पास्चुरी नावाचा जिवाणू वापरतात. तो मातीतलाच राहणारा आहे, रोग पसरवणारा नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने हाच जिवाणू वापरून चंद्रावरच्या मातीसारख्या भुकटीच्या विटा बनवून दाखवल्या. नेदरलँड्समध्ये २०१० साली नायमेगनजवळ गॅसवाहिनीसाठी नदीखालून भोक पाडायचे होते. वाटेतली सुटी खडी भोकात ढासळू नये म्हणून ती याच पद्धतीने बांधली गेली. म्हणजे वाळू आणि खडी यांपुरती ही गोष्ट प्रयोगशाळेच्या बाहेर पडलेली आहे.

अडचण चिकणमातीत आहे, आणि आपली दुखरी जागा नेमकी चिकणमातीच आहे. जिवाणू एक ते तीन मायक्रॉन लांबीचा. चिकणमातीच्या कणांमधल्या फटी त्याहून बारीक. औषध नुसते दाबाने ढकलायचे म्हटले तर ते शिरत नाही. जोर लावला तर माती फाटते आणि सगळे औषध त्या फटीतून वाया जाते. इथे वीज कामाला येते. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून त्यांना चिकटलेल्या पाण्यात धन भाराचे आयन जास्त असतात. मातीत दोन सळया खोवून त्यांत एकदिश प्रवाह सोडला की हे आयन ऋण सळईकडे निघतात आणि जाताना पाण्यालाही ओढून नेतात. ही गोष्ट १८०९ मध्ये मॉस्कोत रॉईस या शास्त्रज्ञाने पहिल्यांदा पाहिली. लिओ कासाग्रांदे या अभियंत्याने १९३० च्या दशकात ती बांधकामात आणली. १९३९ मध्ये जर्मनीतल्या साल्झगिटर इथे रेल्वेसाठी खोदलेल्या चरीच्या ढासळत्या कडा त्याने विजेने पाणी ओढून सावरल्या. या पद्धतीचे खरे महत्त्व एका ढोबळ हिशेबात दिसते. घट्ट चिकणमातीत नुसत्या गुरुत्वाने पाणी दिवसाला केसाच्या जाडीइतके, कधी त्याहूनही कमी, सरकते. तिथेच दर मीटरला ५० व्होल्ट इतका विजेचा दाब दिला तर ते दिवसाला सुमारे दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर रुंदी, सरकू शकते. माती जितकी बारीक, तितका हा फरक मोठा, कारण विजेने होणारे वहन फटीच्या आकारावर फारसे अवलंबून नसते. जे काम पंपाला जमत नाही ते तारेला जमते.

दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा विचार यातूनच आला. वीज पाणी ओढतेच, पण त्याबरोबर युरिया आणि कॅल्शियमही मातीच्या आत पोचवते. आत जिवाणू असले तर ते जागेवर चुनखडी बांधतात. मलेशियात मऊ चिकणमातीवर अशा चाचण्या झाल्या आहेत, आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात जिवाणूंनी माती बांधण्याच्या कामाला अनेक वर्षे वाहिलेला गट आहे. जिवाणू बाहेरून ढकलण्याचा हट्टही आता कमी झाला आहे. मातीत युरिया फोडणारे जिवाणू आधीपासून असतातच. त्यांना खाद्य दिले की त्यांची संख्या वाढते. जिथे फटी फारच बारीक आहेत तिथे जिवाणूऐवजी नुसते त्याचे विकर सोडता येते, कारण विकराचा रेणू जिवाणूच्या शेकडो पट लहान असतो. हे विकर कडधान्यांत सापडते. १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या बियांमधून युरियेज शुद्ध स्फटिकरूपात काढले आणि त्या कामाला पुढे १९४६ चे नोबेल मिळाले. सोयाबीनच्या पिठातही तेच विकर असते, आणि सोयाबीनच्या पिठाचा गाळलेला अर्क वापरून माती बांधण्याचे प्रयोग झाले आहेत. ज्या जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन पिकते, त्याने या वाक्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. महागडे परदेशी औषध आणायची गरज नाही. निम्मे साहित्य आपल्या बाजार समितीच्या आवारात पडलेले आहे.

एवढे चांगले आहे तर सगळे लोक का वापरत नाहीत, हा प्रश्न कोणीही अभियंता पहिल्या मिनिटाला विचारेल, आणि त्याने तो विचारायलाच हवा. वीज मातीत जाते तेव्हा धन सळईपाशी पाणी आम्ल होते आणि ऋण सळईपाशी अल्कली. आम्लाच्या बाजूला जिवाणू मरतात आणि बसलेली चुनखडी विरघळते. अल्कलीच्या बाजूला कॅल्शियम सळईपाशीच गोठून वाट बंद करते. मधला भाग घट्ट आणि दोन्ही टोके कच्ची, असे होऊ शकते. लोखंडी सळई असेल तर धन बाजूची सळई झिजते, आणि तिच्याभोवतीची माती जास्त सुकून तडकते. यावर उपाय आहेत. काही दिवसांनी प्रवाहाची दिशा बदलतात, सळईभोवतीच्या नळीतले पाणी सतत बदलत ठेवतात, आम्लाचा जोर मारणारे द्रावण घालतात. पण कुठला उपाय कुठल्या मातीत किती चालतो हे दुसऱ्याच्या मातीवरून कळत नाही. आपल्या डोंगराची एक जमेची बाजू आहे: वर्षानुवर्षांच्या पावसाने तिथली माती धुतली गेल्यामुळे तिच्यात क्षार कमी. क्षार कमी म्हणजे वीज उगाच मिठाच्या पाण्यातून पळून जाऊन उष्णतेत वाया जात नाही. शिरोळच्या क्षारपड रानात हाच प्रयोग केला तर बिल मोठे आणि काम लहान, असे होईल. आणि एक वजा बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. जांभ्याखालची माती आम्लधर्मी असते आणि पावसाचे पाणीही किंचित आम्ल. चुनखडी आम्लात विरघळते. आज बसलेला सांधा पाच पावसांनंतर किती उरेल, हा या साऱ्या प्रस्तावातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुस्तकातून येणार नाही. म्हणून तुकडा मागतो आहे.

दुसरा आक्षेप साधा आणि वजनदार आहे. खरा शत्रू पाणी आहे, तर पाणी काढा. आडवी भोके पाडून सच्छिद्र पाईप घाला, वरून पाणी मुरू नये म्हणून गटारे नीट करा, झाले. जिवाणू आणि विजेचा खटाटोप कशाला? या आक्षेपाच्या पूर्वार्धाशी मी पूर्ण सहमत आहे. निचरा आधी, बाकी सगळे नंतर. शिरोळ तालुक्यात श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून मीठ फुटलेली, पाणथळ झालेली जमीन पुन्हा उसाखाली आणली, हे काम आपल्याच जिल्ह्यातले आहे आणि ते पाहायला बाहेरची माणसे येतात. पण पाईप भोवतालच्या काही हातांतले मोकळे पाणी काढतो. घट्ट चिकणमातीच्या फटीत अडकलेले पाणी त्याच्याकडे येईपर्यंत पावसाळा संपून दुसरा लागतो. तिथे वीज त्या पाण्याला पाईपाकडे हाकलू शकते. आणि निचरा झालेली माती पुन्हा भिजली की पुन्हा मऊ होते. कणांमध्ये सांधे बसले असतील तर ती भिजूनही काही ताकद राखते. हे खरे की खोटे ते ठरवण्यासाठी चाचणीचा तुकडा तीन पट्ट्यांत विभागावा. एका पट्टीला हात लावायचा नाही. दुसरीत फक्त निचरा. तिसरीत निचरा, वीज आणि चुनखडी बांधणारे द्रावण. दोन पावसाळ्यांनंतर दुसरी आणि तिसरी पट्टी सारखीच ठरली, तर निचऱ्यावरच पैसा घालावा, असा निकाल मिळेल. तोही जिल्ह्याच्या मोठ्या कामाचा निकाल असेल, कारण आज निचऱ्यावर कमी आणि भिंतीवर जास्त खर्च होतो.

असे निकाल स्थानिक मातीवरच मिळतात याचा पुरावा शेजारीच आहे. काळ्या मातीवरचे कालवे आणि रस्ते का फुगतात, का तडकतात, या प्रश्नावर मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी मलप्रभा कालव्यांच्या कामात उत्तर शोधले. फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दिला तर खालची माती शांत राहते, हे त्यांनी दाखवले, आणि आज कालव्यांसाठीच्या भारतीय मानकात त्या थराला जागा आहे. ही माहिती जर्मनीच्या किंवा अमेरिकेच्या मातीवरून निघाली नसती. कोल्हापूरचे स्वतःचे उदाहरण तर त्याहून जुने. नदीत खांब उभे करून त्यांच्यामध्ये फळ्या घालायच्या, पावसाळ्यात त्या काढून पूर मोकळा सोडायचा आणि नंतर पुन्हा बसवून पाणी अडवायचे, ही युक्ती इथे रुळली; आणि आज राज्यभर तिला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. नदीला काय करायचे ते या जिल्ह्याने राज्याला शिकवले. डोंगराच्या बाबतीत असे शिकवण्याजोगे आपल्याकडे अजून काही नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो पंचगंगेचा आहे. युरिया फुटला की अमोनियम तयार होते, आणि पन्हाळ्यावरून वाहणारे पाणी ओढ्या-नाल्यांतून शेवटी नदीलाच मिळते. ज्या नदीच्या प्रदूषणावर इतकी आंदोलने झाली, न्यायालयात जावे लागले, तिच्यात आणखी एक रसायन सोडायचे का? आकडे मांडूनच उत्तर देतो. शंभर किलो चुनखडी बांधायला ६० किलो युरिया लागतो, सुमारे १११ किलो कॅल्शियम क्लोराइड लागते आणि मागे सुमारे ३६ किलो अमोनियम उरते. हा रसायनशास्त्राचा हिशेब आहे, त्यात सूट नाही. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल पट्टी घेतली तर वीस घनमीटर, म्हणजे सुमारे ३४ टन माती होते. तिच्यात दोन टक्के चुनखडी बसवायची म्हटले तर ४०० किलोंच्या वर युरिया, म्हणजे ४५ किलोंची नऊ पोती. उरणारे अमोनियम सुमारे २४५ किलो. लहान चाचणीसाठीही हा आकडा क्षुल्लक नाही, आणि कुणी एखादा पूर्ण घाट या पद्धतीने बांधायला निघाला तर तो टनांत जाईल. पण हेच रसायन अमोनियम असल्यामुळे धन भाराचे आहे, आणि विजेखाली ते ऋण सळईकडेच जाते. ऋण सळईभोवतीची नळी बंद ठेवली, तिच्यातले पाणी टाकीत ओढले, वर येणारा अमोनिया वायू सौम्य आम्लाच्या पाण्यातून जाऊ दिला, तर त्यातले बरेच पकडता येते. नुसत्या जिवाणूंच्या पद्धतीला ही सोय नाही. ती विजेमुळे मिळते. म्हणून चाचणीची अट अशी असावी: घातलेल्या युरियातला किती नत्र टाकीत परत आला याचा ताळा लावायचा, उताराखालच्या ओढ्याचे पाणी आधी आणि नंतर तपासायचे, आणि ताळा जुळला नाही तर पद्धत पुढे न्यायची नाही. क्लोराइड लोखंडाला गंज आणते, त्यामुळे लोखंडी सळयांच्या बांधकामाजवळ ही पट्टी नको. आणि शेतीच्या अनुदानाचा युरिया दुसऱ्या कामाला वापरणे हा गुन्हा आहे. चाचणीसाठी औद्योगिक युरियाच घ्यावा लागेल, त्याचा भाव खर्चात धरावा लागेल. या पद्धतीला हिरवी, पर्यावरणपूरक वगैरे म्हणण्याची घाई कोणी करू नये. सिमेंटमागे कार्बन आहे, तसा युरियामागेही आहे.

विजेच्या धोक्याचे काय? दोन मीटरच्या अंतरावर शंभर व्होल्ट हा आकडा खेळण्यासारखा नाही, आणि चढणीवर गुरे, शाळकरी मुले, पहाटे फिरायला येणारी माणसे असतात. म्हणून काम पावसाळ्यात करायचेच नाही. पाऊस थांबल्यावर, कार्तिकाच्या सुमारास, माती आतून ओली असते आणि वरचे पाणी ओसरलेले असते. विजेचे काम ओल्या मातीतच चालते, त्यामुळे तोच काळ योग्य. कुंपण, पहारेकरी आणि गळती झाली की आपोआप बंद पडणारे यंत्र या गोष्टींवर काटकसर करता येणार नाही. एक सोय मात्र आहे: मातीला लागणारी वीज एकदिश असते आणि सौर पट्ट्या थेट तीच देतात. रात्री प्रवाह थांबला तरी बिघडत नाही, उलट सळईपाशी साठलेले आम्ल थोडे पसरायला वेळ मिळतो.

जागतिक वारशाचा मुद्दाही येईल. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा इतर ११ किल्ल्यांसह युनेस्कोच्या यादीत गेला, आणि त्याचा अभिमान प्रत्येक कोल्हापूरकराला आहे. म्हणूनच मी गडाचा एक दगडही मागत नाही. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर मनाईचे आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचे, हा कायदा आहे. तुकडा त्या सगळ्याबाहेर, खालच्या चढणीवर घ्यावा. तटाच्या पायाशी एखादी नवी पद्धत आधी वापरून मग शिकायचे, हे कोणालाच परवडणारे नाही. पण वारशाच्या यादीत नाव लागल्यावर वर जाणाऱ्या गाड्या वाढणार, रस्ता रुंद करण्याची मागणी येणार, आणि रुंदीकरणासाठी उतार कापला की त्याच चिकणमातीचे तोंड उघडे पडणार. त्या दिवशी हाताशी स्वतःच्या मातीचे आकडे असावेत की घाईने काढलेली भिंतीची निविदा, हे आज ठरते.

चाचणी अपयशी ठरली तर? पिसाचा झुकता मनोरा सावरण्यासाठी विजेने माती घट्ट करायचा विचार झाला होता. तिथल्या अभियंत्यांनी आधी चाचणी घेतली, ती पद्धत तिथे चालत नाही हे कळले, ते तिच्यापासून मागे हटले आणि शेवटी मनोऱ्याच्या उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून त्यांनी मनोरा सावरला. त्या नकाराची कोणी खिल्ली उडवली नाही. तो नकार मिळाला म्हणूनच योग्य उपाय सापडला. आपल्याकडे सरकारी चाचणी म्हणजे यशस्वी झालेलीच चाचणी, असा एक समज बसला आहे, आणि त्यामुळे अपयशाचे अहवाल कपाटात राहतात. या पत्रातली अट त्याच्या उलट आहे. निकाल काय लागेल याची हमी कोणीही देऊ नये. आकडे जसे येतील तसे लोकांसमोर यावेत, एवढीच हमी द्यावी.

एका बाबतीत मात्र गैरसमज राहू नये. माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तशा उतारांखाली राहणाऱ्या लोकांना जिवाणू वाचवणार नाहीत, वीज वाचवणार नाही, भिंतही वाचवणार नाही. त्यांना वेळेवर हलवणे आणि नीट वसवणे हेच काम, आणि ते या चाचणीच्या निकालाची वाट पाहत थांबता कामा नये. इथे ज्याविषयी बोलतो आहे ती उथळ घसरण, रस्त्याच्या कडा, दोन-तीन मीटर खोलीची मऊ माती. ज्या घसरणी मोजता येतात आणि ज्यांच्यावर दर वर्षी आपण पैसे घालतो, त्या.

आपण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे, शहरात आणि गोकुळ शिरगावला स्थापत्य शिकवणारी महाविद्यालये आहेत, सांगलीला वालचंद महाविद्यालय आहे. या माणसांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार ज्या मोजक्या पदांना आहे त्यांत आपले पद आहे. पण सळया, युरिया, सोयाबीन हे सगळे पुढच्या वर्षीचे. यंदा फक्त एक गोष्ट व्हावी. चढणीवर तीन ठिकाणी, वेगवेगळ्या खोलीपर्यंत, तळाशी चाळणी बसवलेल्या नळ्या जमिनीत उतरवाव्यात. नळीत दोरी सोडायची, पाणी किती खोलीवर लागते ते बघायचे आणि वहीत लिहायचे, एवढेच ते काम. पन्हाळा नगरपरिषदेचा एक कर्मचारी रोज सकाळी अर्ध्या तासात करू शकेल. आणि जून ते सप्टेंबर, ज्या पत्रकात राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात येते, त्याच पत्रकात तिच्याखाली दुसरी ओळ यावी: पन्हाळा चढण, जमिनीखालचे पाणी, इतके फूट इतके इंच.

कळावे,
आपला,
कोल्हापूरचा एक नागरिक